गिअर न वाजवता पुलापर्यंत

गाडी घ्यायला गेलेला माणूस गाडीची परीक्षा घेतो, अशी साधारण पद्धत आहे. तो चाकांना लाथ मारतो, दार दोनदा हळू लावून तिसऱ्यांदा आपटतो, बॉनेट उघडायला लावतो आणि आतलं काही कळत नसताना "हं" असं म्हणतो. गाडीने मुकाट्याने सोसायचं असतं. हेडसरांच्या बाबतीत सगळं उलटं झालं. गाडी जागेवर शांत उभी राहिली आणि परीक्षा हेडसरांची झाली. सदतीस वर्षं दुसऱ्यांच्या परीक्षा घेतलेल्या माणसावर एकसष्टाव्या वर्षी अशी वेळ यावी, याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. हेडसरांनी ठरवलं होतं. पण तो शब्द प्राथमिक शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापकाने मोठ्याने उच्चारण्यासारखा नव्हता.

गाडी घड्याळजींची होती. दुकानाला लागून पत्र्याची शेड आणि त्या शेडमध्ये ही. बाटलीच्या काचेसारखी हिरवी, छप्पर मागे दुमडलेलं, सीट दोनच, आणि उंची इतकी कमी की शेजारी उभं राहिलं तर हात सहज दारावर टेकावा. शर्यतीची गाडी असते ना, तिची धाकटी बहीण. घड्याळजींच्या कंबरेने आता तिच्यात उतरायला नकार दिला होता, म्हणून काचेवर चिठ्ठी लावली होती : "विकणे आहे. आधी बोलू."

हेडसरांनी ती चिठ्ठी सलग अकरा दिवस वाचली. बाराव्या दिवशी ते दुकानात शिरले. भिंतीवर तीसेक घड्याळं आपापली वेळ दाखवत होती. घड्याळजींनी डोळ्याला लावलेलं भिंग न काढताच त्यांच्याकडे पाहिलं. माणसाने माणसाकडे भिंगातून पाहू नये. पाहिलं गेलेल्या माणसाला आपण आतून गंजलो आहोत असं वाटतं.

"गाडी तुम्ही बघा," घड्याळजी म्हणाले, "तुम्हाला मी बघतो."

हेडसर गाडीत बसले. बसले म्हणजे उतरले. विहिरीत उतरावं तसे, एक पाय, मग दुसरा, मग देवाचं नाव, मग उरलेलं शरीर. शेजारी घड्याळजी महत्प्रयासाने बसले. हाताशी गिअरचा दांडा होता. हेडसरांचा चेहरा खुलला. गिअर हा त्यांचा आवडता धडा. पुठ्ठ्याची दातेरी चाकं कापून त्यांनी तिसरी-चौथीच्या मुलांना किती वेळा समजावलं होतं! त्यांनी तिथल्या तिथे घड्याळजींनाही समजावलं. लहान चाक मोठ्याला कसं फिरवतं, जोर वाढला की वेग कसा घटतो, वगैरे. चाळीस वर्षं दातेरी चाकांत नाक खुपसून बसलेल्या माणसाने हे सगळं ऐकून घेतलं.

"छान," घड्याळजी म्हणाले. "आता पहिला टाका."

हेडसरांनी गाडी सुरू केली आणि पहिला टाकला.

कर्रर्रर्र!

तो आवाज लिहून दाखवता येत नाही. पत्र्याच्या डब्यात दगड घालून तो डबा लोखंडी जिन्यावरून खाली सोडला तर साधारण तसा येईल. घड्याळजींनी दोन्ही हातांनी गाल दाबून धरले. दुखऱ्या दाढेला गार पाणी लागावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"मास्तर," गाल सोडत ते म्हणाले, "यापूर्वी गाडी चालवलीय?"

"बावीस वर्षं चालवतोय!"

"कुठली?"

"आहे आपली... घरची. ऑटोमॅटिक."

"मग तुम्ही बसत होतात. चालवत ती होती." घड्याळजींनी हात लांब करून चावी काढून घेतली. "लायसन दाखवा."

लायसनवर, फोटोच्या खाली, हेडसरांनी बावीस वर्षांत कधी न वाचलेली एक ओळ होती : फक्त ऑटोमॅटिक वाहनासाठी. दुसऱ्यांच्या वह्यांतली वेलांटी न सोडणाऱ्या माणसाने स्वतःच्या लायसनवरची आख्खी ओळ सोडली होती.

घड्याळजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी अट सांगितली. येणाऱ्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी, सकाळी दहा वाजता. दुकानापासून पुलापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. शेजारी ते स्वतः डोळे मिटून बसणार. गिअर एकदाही वाजता कामा नये. जो असं करून दाखवेल त्याला गाडी मिळेल. त्यांनी तोपर्यंत तिघांना परत पाठवलं होतं आणि त्यातला एक तर टॅक्सी चालवणारा होता.

"दाते दुखावणाऱ्याच्या हातात मी ही देणार नाही," घड्याळजी म्हणाले. "शिकून या."

शिकून या! हेडसर घरी पोहोचेपर्यंत हे दोन शब्द त्यांच्या पुढेपुढे चालत होते.

त्यांच्या पत्नी एका इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि सगळी इमारत त्यांना मेट्रनबाई म्हणे. ताप आलेल्या माणसाकडे त्या जशा पाहत, तशा त्यांनी हेडसरांकडे पाहिलं.

"दोनच सीट?"

"आपण दोघंच तर आहोत."

"आणि भाजीची पिशवी?"

"मांडीवर."

"कुणाच्या?"

हेडसरांनी आपल्या मांडीकडे पाहिलं. पण मेट्रनबाईंनी नाही म्हटलं नाही. शाळा सुटल्यापासून आपला नवरा सकाळी दहाच्या सुमाराला उगीच उठून उभा राहतो आणि मग कशासाठी उठलो ते न आठवून पुन्हा बसतो, हे त्या वर्षभर पाहत होत्या. गेल्या अकरा दिवसांत तो दहाला उठून बाहेर जात होता. "आणायची तर आणा," त्या म्हणाल्या. "पण चालवत आणा. ढकलत आणलीत तर मी ओळख दाखवणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ही बातमी जिन्यावर होती आणि दुपारी सल्ले घरात होते. कुणी आजारी पडलं की शेजारी एकदा येतात. कुणी काही शिकायला लागलं की रोज येतात. वरच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर सोफ्यावर पाय दुमडून बसले आणि म्हणाले, "हेडसर, क्लच पायाने दाबायचा नसतो. तो मनाने दाबायचा असतो."

"म्हणजे कसा?"

"ते सांगता येत नाही. चाळीस वर्षांच्या अनुभवाने येतं."

हेडसरांनी आठवडाभर मनाने दाबून पाहिला. नंतर कळलं की पोस्टमास्तरांचा चाळीस वर्षांचा अनुभव सायकलचा होता.

खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी राहत. त्यांचा सल्ला तरी हाताला, म्हणजे पायाला, लागण्यासारखा होता. "तुमचा डावा पाय बावीस वर्षं बिनकामाचा बसलाय," मावशी म्हणाल्या. "बसलेल्या माणसाला एकदम कामाला लावलं की तो कटकट करणारच. माझ्या मशिनवर बसा. पायडल मारा. पायाला वळण लागेल." हेडसर बसले. पायाला वळण लागलं, पण ते थांबायचं लागलं नाही. मावशींनी "बास, बास!" म्हणेपर्यंत कुणाच्या तरी दिवाणखान्याचा पडदा मशिनवर अंथरलेल्या चादरीला अडीच हात शिवून झाला होता. टाके सरळ होते, हे मावशींनीही कबूल केलं. उसवायला त्यांना संध्याकाळ लागली.

मग हेडसरांनी घरीच सोय केली. जेवणाच्या टेबलाखाली तीन जाड पुस्तकं मांडली : डावीकडे क्लच, मध्ये ब्रेक, उजवीकडे ॲक्सिलरेटर. डाव्या हाताशी पिठाचा डबा आणि त्यात उभा खोचलेला लाकडी डाव. जेवता जेवता ते पहिला, दुसरा, तिसरा टाकत आणि दर वेळी पीठ थोडं उडे.

"अहो," मेट्रनबाई एकदा म्हणाल्या, "तो माझा पाय आहे."

"माफ कर. मला वाटलं क्लच."

"क्लच सुजलाय माझा. आणि पिठाचा डबा रिकामा करून द्या."

हे झालं घरातलं. लायसनच्या कचेरीत तर निराळंच. खिडकी क्रमांक चारमधल्या बाई चष्मा पुसत होत्या. पुसून झाल्यावर त्यांनी तो घातला नाही, पेटीत ठेवला, आणि मग अर्ज वाचला.

"डावा पाय चालतो?"

"त्याच्यावरच तर चालत आलो."

"तसा नाही. कागदावर चालतो का? डावा पाय कार्यक्षम असल्याचा डॉक्टरांचा दाखला लागेल."

डॉक्टरांनी हेडसरांच्या गुडघ्यावर लहान हातोडी मारली, पाय उडाला, दाखला झाला. त्यावर छापलं होतं : दोन्ही पाय कार्यक्षम. खिडकी क्रमांक चारने तो परत सरकवला. उजव्या पायाची नोंद आधीच आहे. एका पायाची नोंद दोनदा झाली तर फाइलमध्ये तीन पाय होतात. हेडसरांनी पुन्हा जाऊन 'दोन्ही' हा शब्द डॉक्टरांकडून खोडून आणला. खिडकीने विचारलं, खाडाखोडीवर सही कुठाय? सही आणली. मग कळलं की दाखल्याची मुदत सात दिवसांची आणि आज आठवा. त्या आठ दिवसांत हेडसरांचा डावा पाय सरकारदरबारी तीनदा बरा झाला आणि तीनदा गेला. घरी जाताना एकदा ते खरोखरच लंगडत होते.

अखेर सगळे पाय जागच्या जागी बसले आणि हेडसर मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दाखल झाले. स्कूल! त्या शब्दानेच त्यांना जरा धीर आला होता. शिकवायला चोवीस वर्षांची एक मुलगी होती. केसांचा बुचडा, पायात कॅनव्हासचे बूट, आणि आवाजात इतका गोडवा की हेडसरांना पहिल्याच मिनिटाला संशय आला.

"या काका! घाबरायचं नाही हं. चुकलं तरी चालेल. आपण पुन्हा करू."

हेडसर चपापले. ही वाक्यं त्यांची होती. ओळीच्या ओळी त्यांच्या. सदतीस वर्षं त्यांनी ती रोज वापरली होती, अगदी ह्याच सुरात. पण ती दुसऱ्या बाजूने कशी ऐकू येतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

गाडी बंद पडली. "हरकत नाही!" पुन्हा पडली. "छान प्रयत्न!" तिसऱ्यांदा गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि मग पडली. "बघा, या वेळी पुढे तरी गेलो!" दर गोड शब्दासरशी हेडसर सीटमध्ये एकेक इंच खाली जात होते. तास संपल्यावर मुलीने प्रगतीचं कार्ड काढलं. आरसे पाहणे, सिग्नल देणे, क्लच, गिअर अशा रांगा होत्या. सगळ्या कोऱ्या ठेवून तिने अगदी शेवटच्या रांगेत एक चकचकीत चांदणी चिकटवली. त्या रांगेचं नाव होतं 'प्रयत्न'.

प्रयत्नाची चांदणी कुणाला देतात, हे हेडसरांपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार? तसल्या चांदण्यांची पाकिटं त्यांच्या कपाटात असत. ज्याच्या बाबतीत आपण आतून हात टेकले आहेत त्याला ती द्यायची, म्हणजे तो रडत नाही. त्या रात्री हेडसरांना जेवण गेलं नाही. कुठल्या कुठल्या मुलांच्या वहीवर आपण त्या चिकटवल्या ते एकेक चेहऱ्यानिशी आठवू लागलं, आणि त्यातली बरीच मुलं आता त्यांच्याकडे समजूतदारपणे पाहत होती.

"मी सोडतो हे," ते मेट्रनबाईंना म्हणाले.

"सोडा. उद्या दहा वाजता काय करणार?"

दुसऱ्या दिवशी दहाला ते ड्रायव्हिंग स्कूलच्या बाकावर होते.

या बाकाबद्दल सांगायला हवं, कारण जे काही घडलं ते त्या बाकामुळे. शिकायला आलेली माणसं आपला नंबर येईपर्यंत तिथे बसत. शेजारी एक बेकरीवाली बसली होती. पंचेचाळिशीची, दंडाने मजबूत, कोपरापर्यंत पिठाचा पांढुरका मुलामा. ती रडत होती. तीन ट्रेनर बदलून झाले होते आणि नवरा म्हणत होता की तुझ्या हाताला पिठापलीकडे काही कळायचं नाही.

रडणारं माणूस शेजारी असताना हेडसर गप्प बसू शकत नसत. तो त्यांचा दोष होता म्हणा किंवा पेशा.

"पीठ भिजवताना पाणी एकदम ओतता का हो?" त्यांनी विचारलं.

"छे! गुठळ्या होतील."

"मग कसं?"

"थोडं थोडं. मिळून येईल तसं. हाताला कळतं ना ते."

"क्लच सोडायचा तो तस्साच. मिळून येईल तसा. एकदम सोडलात की गुठळी, म्हणजे गाडी बंद. आणि गिअर बदलायचा तर पाय आधी पार तळापर्यंत. गोळा ताटापासून पुरता सुटल्याशिवाय उलटता का?"

बेकरीवालीने डोळे पुसले. तिने हवेतच डाव्या पायाने काहीतरी करून पाहिलं. "अगंबाई," ती म्हणाली. "हे असं सांगितलंच नाही की कुणी!"

तिचा नंबर आला. गाडी सुरू झाली आणि लोण्यातून सुरी जावी तशी फाटकातून बाहेर गेली. पाठोपाठ हेडसरांचा नंबर आला. त्यांची गाडी फाटकात चार वेळा बंद पडली आणि चांदणी पुन्हा शेवटच्या रांगेत लागली. हे कोडं त्यांना काही केल्या उलगडेना. सगळं समजत होतं, सगळं सांगता येत होतं. पण डोक्यात जे होतं ते पायापर्यंत पोहोचता पोहोचता वाटेतच कुठेतरी उतरून जात होतं.

बाकावरचा वर्ग मात्र भरू लागला. लग्न ठरलेला एक जण, जुळ्यांची आई, एक केस कापणारे गृहस्थ. केस कापणाऱ्यांना कात्रीतून, जुळ्यांच्या आईला पाळण्याच्या दोरीतून, प्रत्येकाला त्याच्या त्याच्या हातातल्या गोष्टीतून हेडसर क्लच समजावत. ती माणसं भराभर शिकत. ट्रेनर मुलगी एकदा कौतुकाने म्हणाली, "काका, तुम्ही थिअरी घ्या ना इथे!" हेडसरांनी ते हसण्यावारी नेलं आणि घरी जाऊन दोन तास भिंतीकडे पाहत बसले.

"सर, पण तुम्ही हे शिकताय कशाला?" बेकरीवालीने एक दिवस विचारलं.

इथे हेडसरांनी घोडचूक केली. त्यांनी गाडीचं वर्णन केलं. ते वर्णन त्यांनी आजवर कुणाजवळही केलं नव्हतं. मेट्रनबाईंनी भाजीच्या पिशवीपाशीच अडवलं होतं. आता ते हिरव्या रंगाबद्दल बोलले, दुमडलेल्या छपराबद्दल बोलले, उतारावरून येताना केसांत शिरणाऱ्या वाऱ्याबद्दल बोलले, जो त्यांनी पाहिलेला नव्हता आणि शिरायला तितके केसही नव्हते. घड्याळजींची अट सांगितली. रविवारसुद्धा सांगितला.

"दोनच सीट?" बेकरीवालीने हळूच विचारलं. "म्हणजे मागे बसून कुणी सूचना देणार नाही?"

"मागे जागाच नाही."

"सासूबाई?"

"मावणार नाहीत."

बेकरीवाली एकदम गप्प झाली. हेडसरांना वाटलं, तिला काही फारसं आवडलेलं दिसत नाही. खरं तर बोलकं मूल एकाएकी गप्प होतं ते कधी, हे त्यांना सदतीस वर्षं चांगलं माहीत होतं.

परीक्षेत बाकावरचे सगळे पहिल्या फटक्यात पास झाले. परीक्षकांनी बेकरीवालीला विचारलं, "कुठे शिकलात?" ती म्हणाली, "बाकावर." हेडसर पहिल्या खेपेला चढावर मागे घसरले आणि त्यांनी नारिंगी शंकू आडवा केला. दुसऱ्या खेपेला तो का आडवा झाला ते परीक्षकांना समजावताना दुसरा शंकू आडवा झाला. "सर," परीक्षक थकून म्हणाले, "परीक्षा तुमची आहे." तिसऱ्या खेपेला, शेवटच्या रविवारच्या आदल्या गुरुवारी, ते पास झाले. शेरा होता : समाधानकारक. हा शेरा हेडसरांनी स्वतः हजारो वेळा लिहिला होता. मूल वर्गात हजर होतं, एवढाच त्याचा अर्थ असतो. पण शिक्का तर मिळाला होता!

रविवारी पावणेदहाला ते मेट्रनबाईंना घेऊन घड्याळजींच्या दुकानाशी पोहोचले. शेडसमोर बेकरीवाली उभी होती. हात स्वच्छ धुतलेले, नखांतसुद्धा पीठ नाही.

"तुम्ही इथे कशा?" हेडसरांनी विचारलं.

ती लाजली. "सर, तुम्ही इतकं छान सांगितलंत की राहवेना. मग बघायला आले. मग बसून बघितलं." तिने गाडीकडे हळूच पाहिलं. "तुमच्यानंतरच नंबर आहे माझा. तुम्हाला मिळाली तर मला आनंदच आहे."

ती खरं बोलत होती, आणि त्यामुळे फारच त्रास झाला.

पहिला मान हेडसरांचा. घड्याळजी शेजारी बसले, डोळे मिटले. हेडसरांनी पाय तळापर्यंत नेला. पहिला. गाडी निघाली. दुसरा. आवाज नाही. तिसरा. नाही! रस्ता उताराचा, दुकानं बंद, आणि टकलावरून वारा जात होता. हो, खराखुरा वारा. पूल आला. हेडसरांनी गाडी वळवली. परतीच्या चढावर त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. जमलं होतं. डोक्यातली गोष्ट पायात उतरली होती. आणि ती कशी उतरली हे त्यांना इतकं लख्ख दिसलं की...

"बघितलंत?" ते घड्याळजींकडे वळून म्हणाले. "आता मी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना काय केलं, तर हा जो पाय आहे तो..."

पुन्हा गिअर बदलता बदलता पाय दाखवायला त्यांनी तो जरासा उचलला.

कर्रर्र.

घड्याळजींनी डोळे उघडले. गाल दाबले नाहीत. फार हळू आवाजात ते म्हणाले, "मास्तर, किती सुंदर चालला होतात. सांगायची काय गरज होती?"

गाडी शेडपाशी येऊन थांबली. हेडसर विहिरीतून वर आले आणि फुटपाथवर उभे राहिले. काय झालं ते मेट्रनबाईंनी विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना चेहऱ्यावरून तेवढं कळत असे.

पण घड्याळजी न्यायाचे होते. "आता बाई जातील," ते म्हणाले. "त्यांचाही वाजला, तर मास्तर, पुन्हा तुमचा नंबर."

हेडसरांनी ओठ घट्ट मिटले. पुन्हा नंबर! आता त्यांना सगळं येत होतं. फक्त तोंड उघडायचं नव्हतं. पुलापर्यंत जाऊन येईपर्यंतची सात-आठ मिनिटं. एवढंच तर शिकायचं राहिलं होतं. ते शिकायला त्यांनी तिथल्या तिथे सुरुवात केली.

बेकरीवाली गाडीत उतरली. हिला घाम फुटला होता. गाडी शेडबाहेर, रस्त्याला लागायच्या छोट्या चढावर आली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद. बंद पडण्याबद्दल अटीत काही नव्हतं. घड्याळजी डोळे मिटून बसून होते. तिसऱ्यांदा सुरू केली. हातातलं सगळं पीठ जणू धुऊन गेलं होतं आणि त्याबरोबर अक्कलही. छप्पर दुमडलेलं, गाडी बुटकी. फुटपाथवरून हेडसरांना तिचे पायसुद्धा स्पष्ट दिसत होते. डावा पाय अर्ध्यावर होता. जेमतेम अर्ध्यावर. आणि हात गिअरच्या दांड्याकडे निघाला होता.

आता वाजणार. एक निमिष, आणि वाजणार. हेडसरांना तो आवाज आधीच ऐकू आला. त्यांनी आकाशाकडे पाहिलं. मग दुकानातल्या घड्याळांकडे पाहिलं. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि ते पाहायला नको होतं. ओठ दाताखाली धरून ती रडू आवरत होती.

"बाई," हेडसर म्हणाले, "पाय तळापर्यंत. घाई नाही. अजून... अजून खाली. हां. आता टाका."

पाय तळापर्यंत गेला. दांडा सरकला. काहीसुद्धा वाजलं नाही. गाडी चढावर एकवार थरथरली, मग अलगद निघाली, आणि कोपऱ्यावर दुसरा पडला तो तर कुणाला कळलाही नाही. कळला तो फक्त हेडसरांना. त्यांनी मान डोलावली. मग आपण मान का डोलावतोय हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते मटकन फुटपाथच्या कडेवर बसले.

हिरवी गाडी पुलाकडे गेली. पूल इथून दिसत नव्हता. मेट्रनबाई शेजारी येऊन बसल्या. गुडघ्यांनी कुरकुर केली तरी बसल्या.

"आता ती तुम्हाला मिळत नाही," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"मग बोललात कशाला?"

हेडसरांनी रुमालाने कपाळ पुसलं, चष्मा पुसला.

"अगं," ते शेवटी म्हणाले, "ती चुकत होती."